चंद्रीच्या कानातला बिल्ला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे म्हणाल तर माझ्या धुरपताआत्याचे. आम्ही धनगर, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचे. मायबाप लहानपणीच गेले, मंग आत्यानंच वाढवलं. नवरा न्हाई, जमीन न्हाई, शेरडं विकून तिनं मला शाळेत घातलं.

मंग बँकेचे साहेब जीपमधून गावात आले आन् म्हणाले, गरिबाला कर्जानं म्हैस देऊ. आत्या म्हणली, बँक काय आपली सोयरी हाय का? पण घेतली, चंद्री नाव ठेवलं. जनावराच्या डॉक्टरानं विम्यासाठी चंद्रीच्या कानात बिल्ला मारला तर आत्या म्हणती कशी, माझ्या कानात बुगडी न्हाई आन् हिला सरकारनं घातली! डॉक्टर हसले, म्हणाले, मावशी, म्हैस मेली तर बिल्ल्यासकट कान कापून बँकेत आणायचा, तरच विमा. आत्या म्हणली, शुभ बोला की जरा.

काय सांगू तुम्हाला, जालन्याच्या खोलीचं भाडं, पुस्तकं, सगळा खर्चा चंद्रीच्या दुधाचा. बीए झालो आन् भोकरदनला त्याच बँकेत क्लार्क लागलो.

त्याच उन्हाळ्यात चंद्री पोट फुगून गेली. मी पोचलो तवर आत्यानं तिला हळदकुंकू वाहून ओढ्याकाठी पुरलं व्हतं, कानासकट. मी म्हणालो, आत्या, विमा गेला की गं. ती म्हणली, ज्या कानानं माझी हाक ऐकून पळत यायची त्याला विळा लावू? न्हाई जमलं, बाबा.

साहेब माणूस वाईट नव्हते. म्हणाले, उकरून बिल्ला आणा, जल्दी करा, मी कागद पुढं पाठवतो. न्हाईतर हप्ते अंगावर, आन् दुसरी म्हैस बिलकुल न्हाई. ते मी आत्याला कळवलं, तर तिनं एसटीच्या कंडक्टरकडून निरोप धाडला, तूच सांग, उकरू का? काउंटरवर लोक पैसे भरून राह्यले आन् माझ्या डोळ्यापुढं आत्याच्या हातातलं फावडं.

बँकेनं गरिबाचं भलं केलं का, असं तुम्ही इचारता. मी शिकलो ते बँकेच्या म्हशीवर, हे खरं. आत्या मात्र मरेस्तोवर रोजगार हमीची खडी फोडत राह्यली. आता तीबी न्हाई. तिला वाचता येत नव्हतं, शेजारणीच्या पोरीनं वाचून दाखवलं ते माझं पत्र मला अजून पाठ हाय:

ती. धुरपताआत्यास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.
उकरू नको. हप्ते माझ्या पगारातून भरीन. दुसरी म्हैस मिळणार नाही, हे तुला खोटं सांगत नाही. पुरलंय तिथं मोठे दगड रच, नाहीतर कुत्री उकरतील.
तुझा,
रामा