मिनेसोटातलं खुराडं

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. उघडं माळरान, धाब्याची घरं, आन परत्येक घरापुढं धा-पंधरा कोंबड्या. काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं कोंबड्या पाळत्यात असं कोन म्हनतच न्हाई, त्या असत्यातच, जशी चूल असती, जसा उंबरा असतो तशा. सकाळी आईनं डालं उचललं की त्या पळाल्या उकिरड्यावर, दिवसभर काय खायच्या, कुठं जायच्या, कुनी इचारायचं न्हाई, आन सांजच्याला आपल्या पायानं माघारी. एखादी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी सरकवायचं काम माझं, आई म्हनायची लताचा हात गार हाये, कोंबडी बिथरत न्हाई. आता गार हात म्हंजी काय ते आईलाच ठावं.

लगीन झालं तवा मालक फिटर व्हते, पुन्याजवळच्या कारखान्यात. तिथल्या सायबानं मशिनी बसवाया हितं मिनेसोटात धाडलं, सहा महिन्यांसाठी म्हनून, आन बघा, पस्तीस वरसं झाली. मी हितल्या शाळंच्या किचनात लागले. इंग्लिश येत न्हवतं, पन भांडी घासाया इंग्लिश कशाला लागतंय, मग हळूहळू पोरांनीच शिकवलं, नो बीन्स मिसेस लता, मोअर चीज मिसेस लता, असं. सव्वीस वरसं त्या पोरांना वाढलं. आमची लेक रूपा बी त्याच शाळंत शिकली, आता ती जर्सी सिटीत असती, बाविसाव्या मजल्यावर, खिडकीतनं न्यूयॉर्क दिसतंय तिच्या.

तर मी रिटायर झाले आन घरात बसून बसून माझं डोकं फिराया लागलं. एक दिवस मालकांना म्हनलं, अवो, मागं एवढी जागा हाये, चार कोंबड्या ठेवू. मालक म्हनले, कोंबड्या नको. म्हनलं का नको, तर म्हनले नको म्हंजी नको, आन उठून गॅरेजात गेले. मला वाटलं मानसाला लाज वाटती, अमेरिकेत येऊन बायको खुराडं झाडती म्हनून. मला राग आला. आठ दिवस मी बी बोलले न्हाई, आन मग सरळ कोंबड्या ठेवायच्या परवानगीचा सिटीचा फॉर्म आनला.

त्या फॉर्मवर शेजाऱ्याची सही लागती. शेजारी आमच्या बार्बरा, ऐंशीची बाई, एकटीच. तिचा बाप शेतकरी व्हता, जन्म तिचा कोंबड्या-गाईंतच गेला. तिनं चष्मा लावून फॉर्म वाचला, सही केली आन म्हनली, जानेवारीत काय करनार हाईस? म्हनलं, बघू की. ती हसली. तसलं हसनं मला आवडलं न्हाई बघा.

सहा कोंबड्या आनल्या. थंडीच्या जातीच्या, अंगानं गुबगुबीत, तुरा बारीक, त्यातली एक मातर मोठ्या तुऱ्याची काळी, दुकानातनं चुकून आली असंल. खुराडं मालकांनीच बांधलं, हां, नको म्हनले आन बांधलं बी, आन बांधलं तर कसं, एक खिळा वाकडा न्हाई. छपराखाली दोन झरोके ठेवले. पन बांधून झाल्यावर परत तिकडं फिरकले न्हाईत. अंडी खायाचे, कोंबडीकडं बघायचे न्हाईत.

मग आला जानेवारी. आता तुम्हाला ती थंडी सांगून कळायची न्हाई. उने पंचवीस. दाराबाहेर पाऊल टाकलं की नाकातला केस न् केस ताठ हुतो. पान्याचं भांडं विजेवर गरम ऱ्हानारं घेतलं व्हतं म्हनून बरं, पन अंडं उचलाया तासभर उशीर झाला की गोठून तडकायचं. मला त्या जिवांची लई कीव यायची. दांडीवर अंग फुगवून बसलेल्या, लोकरीचे गोळे जसे. म्हनलं, वारा कुठनं येतोय, त्या झरोक्यांतनं. मग मी काय केलं, जुनी गोधडी फाडली आन दोन्ही झरोके गच्च बुजवले, दाराच्या फटीत बी चिंध्या घातल्या. लई बरं वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आतनं असा उग्र वास आला की डोळ्यांतनं पानी. भिंतींवर आतनं पांढरं धुकट गोठलेलं, भुसा वलागच्च, आन कोंबड्यांचे तुरे शेंड्याला काळे पडलेले. काळी तर खाली पडलेली, डोळे मिटून.

तेवढ्यात बार्बरा येताना दिसली, मेलेल्या नवऱ्याचे मोठे बूट घालून, गुडघाभर बर्फ तुडवत. खिडकीतनं बघितलं असंल तिनं. आली, आत डोकं घातलं, आन सरळ गोधडीचे बोळे उपसाया लागली. मी तिचा हात धरला. म्हनलं, अगं बाई मारतीस का त्यांना थंडीनं! ती माझ्यावर ओरडलीच. म्हनली, थंडीनं न्हाई मरत लता, वलीनं मरत्यात. त्यांच्या अंगावर पिसांची रजई हाये, तुझ्यामाझ्यापेक्षा बरी. त्यांच्या श्वासाची वाफ बाहेर जाऊ दे, ती वाफच गोठती तुऱ्यावर. मग दोघींनी मिळून वला भुसा काढला, कोरडा टाकला, बाकीच्यांच्या तुऱ्यांना व्हॅसलीन लावलं. तिच्या हाताला थरथर, पन कोंबडी धरली की थरथर बंद.

काळीला मी शालीत गुंडाळून घरात नेलं, बाथरूममधी. आन मालक दारात. म्हनलं, आता हे मला बोलनार, बोला, आज मी ऐकून घेते. तर ते स्टूल घेऊन बसले, माझ्याकडनं काळी घेतली, मांडीवर ठेवली आन म्हनले, कोमट पानी आन, साखर टाकून, आन बारका चमचा. अशी सराईत बोटं, चोचीच्या कडंला थेंब सोडायचा, घशाखाली जाऊ द्यायचा, मग दुसरा. मी बघतच ऱ्हायले. म्हनलं, तुम्ही कुठं शिकला हे?

मग त्येंनी सांगितलं. लहानपनी त्यांची एक कोंबडी व्हती, पिल्लू असताना घारीच्या तोंडातनं सुटलेलं, त्येंनी असंच चमच्यानं जगवलेलं. शाळंच्या वाटंवर मागं मागं यायची. एकदा घरी पाव्हनं आलं, आत्याची सोयरीक ठरवाया, आन घरात दुसरं काय न्हवतं. हे शाळंतनं आले, जेवाया बसले, दोन घास खाल्ले आन मग कळलं. आईनं सांगितलं, पोरीचं लगीन जमलं, रडायचं न्हाई. ते रडले न्हाईत.

आवो, लगीन झाल्यापासनं मी ह्या मानसाला जेवाया वाढते. ते कोंबडी खात न्हाईत हे मला ठाऊक, मी समजत व्हते आवडत न्हाई, मटन आवडतंय. कधी इचारलंच न्हाई. तिथं बाथरूमच्या फरशीवर बसून मी रडले, त्यांच्या वाटनीचं बी रडले असंन.

काळी जगली. तुऱ्याचे शेंडे झडले, एक बोट गेलं, लंगडती, पन जगली. आन त्या दिवसापासनं खुराड्याच्या वाटंवरचा बर्फ मालक काढत्यात. सकाळी गरम पान्यात मका भिजवून नेत्यात, तिथंच उभं ऱ्हाऊन काहीबाही बोलत्यात, मराठीतनं. मी ऐकाया जात न्हाई. ते त्यांचं हाये.

हिवाळ्यात दिस बारका असतो, तवा अंडी कमी, मी दिवा लावून बळजबरी करत न्हाई, इसावा पायजे का नको बाईच्या जातीला? सहा जनी व्हत्या तवा उन्हाळ्यात मातर रोज पाच-पाच. तीन बार्बराला, बाकीची आम्हाला. ती आता काठी घेऊन येती, खुराड्यापाशी खुर्ची टाकून बसती आन मला चुका दाखवती. रूपा फोनवर म्हनती, मॉम, सेल द हाउस, कम हियर. बाविसाव्या मजल्यावर मी काय करू, कबुतरं मोजू?

दोन कोंबड्या म्हातारपनानं गेल्या, चार ऱ्हायल्यात, त्या बी आता थकल्या. कुनाला कापायचं न्हाई हे न बोलता ठरलेलं. ह्या वसंतात कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात पिल्लं आली व्हती, चिवचिवाट नुसता. मी मालकांना म्हनलं, चला हितनं, कोंबडी आठ वरसं जगती, आपलं वय काय, तुम्ही एकाहत्तर, मी सहासष्ट. ते बोटांवर मोजत उभे ऱ्हायले. मग म्हनले, आठ वरसं म्हंजी मी एकोनऐंशी. म्हनलं, व्हय, तेवढं ऱ्हावं लागंल. तर म्हनले, ऱ्हाऊ की. आन दुकानातल्या पोरीला म्हनले, सिक्स प्लीज.

ती पिल्लं गॅरेजात हायेत, दिव्याखाली खोक्यात. तुम्ही चहा संपवा, मग दावते. हात पुढं करा फकस्त, आपल्या आपन येत्यात.