कडी कोणत्या बाजूनं

अभिमन : फुकट? महिनाभर खानं-पेनं, ऱ्हानं, बठ्ठं फुकट?

अर्पित : हो, अभिमनभाऊ. त्या बदल्यात सुलक्षणा तिथे एका कुटुंबात राहून गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणार. आमच्या जळगावच्या युवक मंडळातून दरवर्षी दहा जण जातात. मागच्या वर्षी नेपाळ, यंदा व्हिएतनाम.

अभिमन : मना सख्खा साडू धुळाथून येस, तीन दिन ऱ्हास. चौथा दिनले आमना घरमा भांडा आपटतस. अन् तो परका मानूस मनी पोरले महिनाभर पोसी? कसाले?

सुलक्षणा : नाना, त्यांना पाहुण्यांची हौस आहे. म्हणून तर त्यांनी नाव दिलं.

अभिमन : देखा. जळगावले कॉलेजले गयी, तशी पुस्तकनं मराठी बोलस. त्या घरमा पोऱ्या शे का?

अर्पित : एक मुलगा आहे. पण तो शहरात नोकरीला असतो.

अभिमन : लगीनना?

अर्पित : ते काही मी विचारलं नाही.

अभिमन : मंग मी सांगस. हाई पोर देखानी रीत शे. आपला आठे अर्धा घंटामा देखतस, पोहे खातस अन् उठतस. ते महिनाभर देखतस.

सुलक्षणा : काहीतरीच काय! तिकडे असं नसतं.

अभिमन : तू गयथी का तिकडे? टीव्हीवर काय दखाडतस? नोकरी सांगतस, पोरे लई जातस, अन् कोंडी ठेवतस. पोरनी जात, नजर ठेवनी पडस.

अर्पित : भाऊ, संध्याकाळपर्यंत मला यादी पाठवायची आहे. पालकांची सही नसली तर तिचं नाव काढावं लागेल. तुमची खात्री पटायला काय करू, ते सांगा.

अभिमन : तो चित्रवाला फोन लाव. स्थळ देखतस ना, तसं देखसू मी. मना बाप म्हने, पोर देवानी व्हई तं बैठक देखू नही, गोठा देखो.

सुलक्षणा : स्थळ नाही हो ते, नाना!

(व्हिडिओ कॉल लागतो. पलीकडचा माणूस आणि त्याची मुलगी फोन हातात धरून घर दाखवत फिरतात.)

अर्पित : थांबा, ते काय म्हणताहेत ते मी सांगतो—

अभिमन : तू नको. तू त्यासनाच मानूस. मनी पोर सांगी.

सुलक्षणा : हे तुआनकाका, नाना. इंग्रजी त्यांच्या मुलीला येतं, ती मला सांगते. काका तुम्हाला नमस्कार म्हणताहेत.

अभिमन : ऱ्हाऊ दे. गोठा दखाड म्हन.

सुलक्षणा : हा बघा. दोन म्हशी आहेत.

अभिमन : झाडेल तं शे. शेन बाजूले टाकेल शे. बरं. तुनी खोली?

सुलक्षणा : ही. खिडकी आहे, मच्छरदाणी लावलीय.

अभिमन : मच्छरदाणी ऱ्हाऊ दे. दार दखाड म्हन. भाईरथून. आते मझारथून... अजून जवळ... मझार कडी नही.

सुलक्षणा : नाना—

अभिमन : कडी भाईरथून शे. देखी का अर्पितशेठ? भाईरनी कडी कसाले ऱ्हास? कोंडाले ऱ्हास!

अर्पित : अहो, साधी कडी आहे. एवढं काय त्यात?

अभिमन : साधी? ज्या घरमा पोरना दारले भाईरथून कडी, त्या घरनं पानीबी पेवाले नही. बंद कर तो फोन.

सुलक्षणा : थांबा ना! ती आधी धान्याची खोली होती म्हणताहेत. मांजर शिरू नये म्हणून बाहेरून कडी.

अभिमन : चोर असाच सांगस.

सुलक्षणा : ते उठून गेले, नाना. वाईट वाटलं वाटतं त्यांना.

अर्पित : नाही, नाही, ते पाहा, हत्यारांची पेटी घेऊन आले. भाऊ, ते कडी काढताहेत.

अभिमन : ...दारनं लाकूड चांगलं शे.

सुलक्षणा : आता आतून बसवणार म्हणताहेत. विचारताहेत, घरी तुझी कडी कुठे असते? वर की खाली? हाताच्या सवयीप्रमाणे लावतो.

अभिमन : सांग ना मंग.

सुलक्षणा : काय सांगू?

अभिमन : घरनी कडी कोठे शे, ते.

सुलक्षणा : काय सांगू, नाना?

अर्पित : वर की खाली, एवढंच तर सांगायचंय.

सुलक्षणा : माझ्या खोलीला आतून कडीच नाही, अर्पितदादा. बाहेरून आहे.

अभिमन : ते... तवय तू दहावीमा व्हती. त्या भूषणना फोन येत व्हता.

सुलक्षणा : एकदा आला होता. गणिताची वही मागायला. त्याच दिवशी तुम्ही आतली कडी काढून बाहेर लावलीत. पाच वर्षं झाली. सुट्टीत घरी आले, की अजून आई रोज बाहेरून लावते. तहान लागली तरी मला हाक मारावी लागते.

अभिमन : आम्ही काय दुस्मन शेतस तुना?

सुलक्षणा : दुश्मन कुठे म्हणाले मी? मला फक्त कडीची लाज वाटते. ते स्क्रू हातात धरून थांबलेत, नाना. त्यांना उत्तर देते.

अर्पित : ...झालं. हसताहेत ते. कडी लागली.

अभिमन : काय सांगं तू त्याले?

सुलक्षणा : वर, म्हणाले. घरीही आतूनच आहे, वरच्या बाजूला.

अभिमन : खोटी बोलनी.

सुलक्षणा : मग खरं सांगून तुम्हाला त्यांच्यासमोर खाली पाहायला लावू?

अर्पित : भाऊ... हा फॉर्म. सही इथे.

अभिमन : ठेव तठे. करस मी सही. पहिले पेचकस दे, पोर. कोठे शे?

सुलक्षणा : कोनाड्यात. कशाला?

अभिमन : वर लावू का खाले?

सुलक्षणा : वर, नाना. मी त्यांना वरच सांगितलंय.