तीन नंबरचा हौद

विद्युल्लता : रणवीर, तीन नंबरच्या हौदात कोण उतरलंय?

रणवीर : काका, मॅडम. दत्ताकाका. नाली जाम झाली न, पानी निकलतच नाहीये.

विद्युल्लता : मी इथेच प्रयोगशाळेत होते. एक हाक मारायची होतीस!

रणवीर : हाक काय मारायची? रंगपंचमीच्या सुट्टीत लाइट गेली, पंप बंद पडला, मासळीची कातडी तशीच पाण्यात सडली. काका बोलले, आज नवीन माल येणार, त्याच्या आधी हौद साफ करून टाकू. शिडी लावली अन् उतरले.

विद्युल्लता : दत्ताजी! अहो दत्ताजी, वर या. आत्ताच्या आत्ता.

दत्ताजी : येतो न ताई. जाळीत खवले फसलेत, तेवढे काढून घेतो.

विद्युल्लता : राहू द्या खवले! वर या आधी.

दत्ताजी : घाबरू नका. उतरलो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास मारत होता, डोकं भणभणलं. आता काहीच नाही. वास गेला सगळा.

विद्युल्लता : अरे देवा.

रणवीर : काय झालं? वास गेला तर अच्छंच आहे न?

विद्युल्लता : वास गेला नाही रे, त्यांचं नाक गेलं. सडक्या मालातून निघणारा हा वायू आधी नाक मारतो, मग माणूस. दत्ताजी, शिडी धरा!

दत्ताजी : शिडी... हां, धरतो. पाय जड झालेत, ताई.

रणवीर : काका? मॅडम, काका खाली बसले! सरका, मी उतरतो.

विद्युल्लता : नाही.

रणवीर : अरे हटा न! आठ फूट तर आहे, खांद्यावर घालून आणतो.

विद्युल्लता : तू उतरलास की तूही तिथेच बसशील. आणि मी वरून दोघांकडे बघत राहीन. शिडी सोड. सोड म्हणते ना!

रणवीर : काका आहेत ते माझे! बाप गेल्यावर त्यांनीच सांभाळलं मला!

विद्युल्लता : माहीत आहे मला. ऐक. वाळवणीच्या खोलीतला ब्लोअर ओढून आण, त्याचा पाइप हौदात सोडायचाय. जाता जाता फाटकावर मोरोपंतांना सांग, अँब्युलन्स बोलवा आणि शेजारच्या कारखान्यातून हवेचा सिलिंडर आणि मास्क मागवा. धाव!

रणवीर : मी गेलो की तुम्ही उतराल.

विद्युल्लता : नाही उतरणार. माझी छातीच नाही होणार. जा तू! (रणवीर धावत जातो.)

विद्युल्लता : दत्ताजी, माझ्याशी बोला. डोळे मिटायचे नाहीत. समजा, पाहुणे आलेत कारखाना बघायला. तुम्हीच सांगता ना त्यांना नेहमी? सांगा, इथे काय बनतं?

दत्ताजी : जिले... जिलेटिन.

विद्युल्लता : कशापासून?

दत्ताजी : कातडीपासून. मासळीच्या.

विद्युल्लता : ती आम्लात भिजवली की काय होतं?

दत्ताजी : भार येतो. विजेचा. धन.

विद्युल्लता : आणि चुन्यात भिजवली तर?

दत्ताजी : ऋण... ताई, झोप येतेय.

विद्युल्लता : झोपायचं नाही! आपल्याला धनच का हवा असतो? पाहुणे विचारताहेत, दत्ताजी.

दत्ताजी : रक्ताला... ओढून घेतं. जखमेवर ठेवलं की... 

विद्युल्लता : की काय? दत्ताजी? जखमेवर ठेवलं की काय होतं? दत्ताजी!

रणवीर : आणला, मॅडम! पाइप सोडतोय. सिलिंडर आणायला मोरोपंत स्वतः गेलेत. काका बोलत का नाहीयेत?

विद्युल्लता : ब्लोअर चालू कर. आता ती चेन-पुली, कातडी उचलायची. तिची टोपली खाली सोड, अगदी त्यांच्या कुशीला. वाकू नकोस हौदावर, तोंड मागे घे.

रणवीर : टोपली टेकली. काका! टोपलीत या! काका, सरका न थोडं! नाही ऐकत, मॅडम. मान टाकली त्यांनी.

विद्युल्लता : ओठ हलताहेत. अजून हाक मार.

रणवीर : काका! ओ काका! बघा, नसाल येत तर मी येतो खाली. उतरतोय मी!

दत्ताजी : न... नको.

विद्युल्लता : ऐकलं त्यांनी! पुन्हा म्हण. तेच पुन्हा म्हण, रणवीर!

रणवीर : शिडीवर पाय ठेवतोय, काका! आलो मी!

दत्ताजी : नको येऊ... नको रे पोरा...

विद्युल्लता : हात टाकला टोपलीत. हां, दत्ताजी, अंग झोकून द्या! अजून! खेच, रणवीर!

रणवीर : एक पाय बाहेर लटकतोय!

विद्युल्लता : लटकू दे. खेच!

रणवीर : चेन अडकतेय, मॅडम, हात लावा!

विद्युल्लता : लावलाय. खेच, खेच... आली काठावर. उतरव त्यांना. उघड्यावर ने, दारापाशी. कुशीवर वळव.

रणवीर : श्वास आहे? मला काही समजतच नाहीये. मॅडम, श्वास आहे का?

विद्युल्लता : थांब. आहे. चालू आहे.

(सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा. दुपार.)

रणवीर : डॉक्टर काय बोलले?

विद्युल्लता : प्राणवायू लावलाय. शुद्ध आली, तुझं नाव घेतलं. पण फुप्फुसांत पाणी भरू शकतं म्हणाले. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

रणवीर : म्हणजे अजून पण...

विद्युल्लता : हो. अजूनही.

रणवीर : मी त्यांना नुसता घाबरवत नव्हतो, मॅडम. एक पाय शिडीवर खरंच ठेवला होता.

विद्युल्लता : पाहिला मी. तुझा शर्ट धरून ठेवला होता मागून. शिवण उसवली बघ.

रणवीर : तुम्ही अडवलंत अन् काकांना काही झालं असतं न, तर मी तुम्हाला कधीच माफ केलं नसतं.

विद्युल्लता : नसतंसच केलं. शिडी सोडवून घेताना तेच मनात होतं. आता मालनकाकूंना कळवायला हवं. कुठे आहेत त्या?

रणवीर : धरमपुरीला, लेकीकडे, गुड्डीकडे. नर्मदेवर जातात रोज. मला नाही होणार, मॅडम. तुम्हीच लावा फोन.

विद्युल्लता : आण इकडे. तू नाव दाखव, मी लावते.

रणवीर : हे. पण स्पीकरवर नका टाकू.

विद्युल्लता : नाही टाकत. हॅलो, मालनकाकू? मी विद्युल्लता बोलतेय, देवासहून, कारखान्यातली. गुड्डी जवळ आहे ना तुमच्या? आधी बसा तुम्ही. नाही हो, नाही, तसं नाही. आहेत. काकू, ऐका तरी... आहेत ते.