आखूड दांडीची जीप

मी मूळचा दासगावचा. सावित्रीच्या काठाला आमचं घर, अब्बांची होडी होती, मानसं अन् सामान ह्या काठावरनं त्या काठावर न्यायचे, त्यांना वाटायचं याकूबनं बी वल्हं धरावं, पन माझा जीव पान्यात कदी रमला नाय, माझे कान हायवेकडं. घाटात ट्रकचा आवाज बदलला की मी घरात बसून सांगायचो, आता दुसरा टाकला, आता तिसरा. अब्बा बोलायचे, ह्याला समिंदर नको, ह्याला धूर पायजे. मंग क्लीनर झालो, क्लीनरचा डायवर झालो, लगीन झालं, महाडला दोन खोल्यांचं घर बांधलं अन् आमच्याकडचे सगळे जातात तसा मी बी सौदीला गेलो. पान्याचा टँकर चालवायचो. बगा, पान्यातनं पळालो अन् वाळवंटात पानीच वाहिलं.

बायको माझी जुबेदा. मूल नाय झालं आमाला. मी तिकडं असताना पावसात तिला कावीळ झाली, इकडनं शेजाऱ्यांच्या फोनवरनं कामगारांच्या कॅम्पात निरोप आला तवा दफन बी झालं होतं. मी त्या दिवशी टँकर भरला अन् कामावर गेलो. काय सांगू तुमाला, दुसरं काय करनार, तिकडं बसून रडलो असतो तर कोनाला कळलं असतं. त्याच्यानंतर वर्षाच्या आत टँकर उलटला, त्याच्यात हा डावा खांदा मोडला. हाड जुळलं पन सरळ जुळलं नाय. कोपराच्या खाली हात पैलवानाचा, पन हात पुढं लांबवला की खांद्यात अशी कळ मारायची की डोळ्यापुढं अंधारी. कंपनीनं घरी पाठवलं.

घरी म्हंजे काय, कुलूप काढलं अन् आत गेलो. भाऊ सलीम शेजारीच राहतो, भाबीनं डबा पाठवला, चार दिवस लोक आले, बसले, मंग ज्याचा तो कामाला. मी एक जुनी जीप घेतली, महाड–पोलादपूर सीटा भरायच्या म्हनून. तवा लाइनीला जीपच चालायच्या, मागं धा मानसं, पुढं तीन. पन गाडी दारात आनली अन् तवा कळलं की आपल्याला ती चालवता येत नाय. जीपची गिअरची दांडी लांब असते, पहिला अन् तिसरा गिअर पुढं ढकलावा लागतो, हात पार डॅशबोर्डाकडं जातो. माझा खांदा तिथवर जायचाच नाय. मी अख्खं अंग पुढं टाकायचो, डोकं खाली, रस्ता दिसायचा नाय. एकदा राजेवाडीच्या जवळ असाच वाकलो अन् समोर म्हैस. वाचलो दोघं बी, मी अन् म्हैस. सलीम बोलला, इक ती गाडी अन् दुकानात बस माझ्या. त्याचं चपलांचं दुकान. मी बोललो बघू. पन मनात होतं की दुकानात बसलो तर संपलो, तिथं मानसं येतात, चप्पल घालून बघतात अन् जातात, गाडीत निदान तासभर शेजारी बसतात, काय ना काय बोलतात. मला गाडीची गरज पोटासाठी नव्हती तेवढी त्याच्यासाठी होती, खरं सांगतो.

मंग एका दुपारी परड्यात पहारीनं धोंडा काढत होतो, एका हातानं, अन् डोक्यात आलं. दांडी म्हंजे पहारच की. पहारीखाली आपन छोटा दगड टेकू म्हनून ठेवतो ना, तसा दांडीचा टेकू म्हंजे तिच्या बुडाकडचा लोखंडी गोळा. गोळ्याच्या वर हातभर दांडी अन् खाली बोटभर शेपूट, ती शेपूट आतले गिअर सरकवते. शेपूट जराशी हलवायला वरती हाताला वीत-दीड वीत जावं लागतं. तर टेकू वर उचलायचा, खालची शेपूट लांब करायची, वरची दांडी कापायची, म्हंजे वर चार बोटं हात हलला की खाली काम झालं. फुकट काय मिळत नाय, जेवढं अंतर कमी तेवढा जोर जास्त लागनार. पन जोर माझ्याकडं होता, अंतरच नव्हतं.

दांडी काढून घरात आनली. घरात कोन नसलं की एक बरं असतं, चुलीच्या ओट्यावर ग्रीसची दांडी ठेवली तरी कोन ओरडत नाय. मी ओट्यावर दांडी ठेवून जेवायचो अन् तिच्याकडं बघत बसायचो. पहिल्यांदा नुसती वरनं कापली. अंतर कमी झालं पन पुरतं नाय, अन् हात इतका खाली न्यायला लागायचा की खांद्यापेक्षा कंबर दुखायला लागली. मंग टेकू उचलायला खाली जाड लोखंडी कडं बसवलं अन् शेपटीला तुकडा वेल्ड करून लांब केली. गाडी चालली बी. दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी पोलादपूरहून भरून निघालो अन् दुसऱ्या गिअरवर कट्ट करून तुकडा आतच तुटला. दांडी हातात लुळी. अख्खी गाडी दुसऱ्या गिअरवर रडत रडत महाडला आनली, सायकलवाले पुढं जात होते, मागचा एक म्हातारा बोलला, डायवर, तू चालव, मी चालत पुढं होतो. सगळे हसले, मी बी हसलो. घरी येऊन मात्र हसू आलं नाय.

लेथवाला शांताराम बोलला, याकूब, जोडलेलं लोखंड अशा जागी टिकत नाय, एकसंध पायजे. त्याच्याकडं ट्रकचा जुना अ‍ॅक्सल पडला होता, त्याच्यातनं अख्खी दांडी काढू बोलला, गोळा, शेपूट, सगळं एकाच लोखंडात. तो लेथवर, मी बाजूला उभा, घरी जाऊन मापून यायचो, परत घासायचो. जरा जास्त घासली तर गिअर आपोआप निसटनार, जरा कमी तर अडकनार. बसवली अन् एकट्यानंच रिकामी गाडी दासगावपर्यंत नेली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. कोपर बरगडीला चिकटलेलं, नुसता पंजा हलतोय, खांदा गप. खाडीजवळ गाडी उभी केली अन् इकडं तिकडं बघितलं, म्हटलं कोनाला तरी दाखवावं. कोन नव्हतं. परत आलो.

लाइनीवर मला आखूड दांडीवाला बोलायला लागले. दुसऱ्या कुनाला ती गाडी जमायची नाय, दांडी जड, अन् गिअर एकमेकांच्या इतके जवळ की सवय नसंल तर पहिल्याच्या जागी तिसरा पडायचा. सलीम एकदा भाबीला माहेरी न्यायला गाडी मागायला आला, गल्लीच्या तोंडाशी चार वेळा बंद पाडली अन् चावी माझ्या हातात देऊन गेला. माझ्या अंगाच्या मापाचीच झाली होती ती.

आता सिस्टरचं सांगतो. जीपमधी पुढं मधली सीट असते ना, तिथं दांडी दोन गुडघ्यांच्या मधी येते, डायवरचा हात सारखा लागतो, तिथं बाईमानूस कदी बसायचं नाय. एका सकाळी गाडी भरलेली, तीच सीट रिकामी, अन् कुंदा सिस्टर आली. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, महाडला म्हाताऱ्या आईबरोबर राहायची, लगीन केलं नव्हतं, वय माझ्यापेक्षा थोडं कमी. ती उभीच राहिली. मी बोललो, बसा बाई, आपल्या गाडीत दांडी लागत नाय, चार बोटं हलते फक्त. बसली, पिशवी मांडीवर धरून. नडगावच्या पुढं जाईपर्यंत दांडीकडंच बघत होती. मंग बोलली, ही अशी का? मी सांगितलं खांद्याचं. बोलली, पोलादपूरला उतरल्यावर हात वर करून दाखवा. स्टँडवर सगळ्या लोकांसमोर मी हात वर केला, छातीच्या वर जाईना. ती बोलली, तुम्ही गाडी दुरुस्त केलीत, खांदा तसाच ठेवलात. रोज भिंतीला उभं राहून बोटं वर चढवत न्यायची, मुंगीसारखी.

त्या दिवसापास्नं तिची ती सीट. मी तिच्यासाठी ठेवायचो, सगळ्यांना ठाऊक होतं, कोन काय बोललं नाय, बोलले असतील तर माझ्या मागं. मी घरी चुन्याच्या भिंतीला उभा राहायचो, बोटांचे काळे डाग पडायचे, डाग वर वर जायला लागले. ती विचारायची, याकूबभाई, कुठवर पोचलात? मी सांगायचो, खिळ्यापर्यंत. मंग सांगितलं, कोनाड्यापर्यंत. ती खूश व्हायची. बाकी काय बोलायचो, तिच्या आईच्या दम्याचं, बाजारात बोंबील कसे आले त्याचं, कुनाच्या घरी जुळी झाली त्याचं. जुबेदाचं बी तिलाच सांगितलं, टँकर भरून कामावर गेलो होतो ते. ती समोर रस्त्याकडं बघत राहिली, मी बी रस्त्याकडं बघत होतो. पुढच्या रमजानला तिनं उपास सोडायला खजूर आनून दिले, एवढंच.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मंग तिची आई वारली, अन् वर्षभरात बदली आली, म्हसळ्याला. सामान माझ्याच जीपमधी नेलं, एक खाट, ट्रंक, स्टो, आईची शिलाईची मशीन. दुसरं कोन नव्हतं, तरी ती मधल्याच सीटवर बसली, बाजूची रिकामी. लोनेऱ्याच्या पुढं सरळ रस्ता लागला तवा बोलली,

याकूबभाई, एकदा मी टाकू का गिअर?

मी बोललो, टाका. मी क्लच दाबला की सांगतो.

तिनं उजवा हात दांडीवर ठेवला, मी क्लच दाबला, बोललो, आता. तिनं ढकललं, हललं नाय, परत सगळा जोर लावून ढकललं, तवा तिसरा पडला. हात तिनं लगेच काढला नाय. बोलली,

किती जड आहे हो. रोज एवढं ढकलत होतात तुम्ही?

मी बोललो, सवय हाय. चौथा गिअर मी टाकलाच नाय, गोरेगावपर्यंत गाडी तिसऱ्यावरच नेली.

दोनेक महिन्यांनी मी म्हसळ्याला गेलो, एसटीनं. सहजच आलो बोललो, सहज कोन महाडवरनं म्हसळ्याला जातं का. तिनं दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसवलं, चहा केला, समोर खुर्ची घेऊन बसली. अन् बगा, दोघांना बी बोलता येईना. गाडीत आमी कदी एकमेकांकडं बघून बोललोच नव्हतो. तिथं समोर रस्ता नव्हता. तिनं हात वर करायला लावला, बरा आहे बोलली. मी बोललो, हाय बरा. पेशंट आला, ती उठली, मी एसटी पकडली. त्याच्यानंतर ईदच्या दिवशी सलीमच्या घरी तिचा फोन यायचा, दोन-तीन वर्षं आला, मंग नाय आला. रिटायर झाली असंल. भाच्याकडं पुन्याला जायचं बोलायची.

जुबेदा गेली तवा मी उशिरा आलो तरी लोक भेटायला आले, दारात चपला मावत नव्हत्या. सिस्टर गेली तवा मी कोनाला सांगू? माझी ती कोन होती म्हनून कोन येऊन बसंल माझ्याजवळ? बायको नाय, बहीन नाय, जातीतली नाय, एक पॅसेंजर. पॅसेंजर उतरला तर डायवरला कोन विचारतं.

जीप गेली भंगारात, लाइन बंद झाली, आता ज्याच्या त्याच्या बुडाखाली मोटरसायकल. मी सकाळी नमाज पढतो, दोन मुठी तांदूळ शिजायला टाकतो, संध्याकाळी चवदार तळ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसतो. ती जिथं असंल तिथं अल्ला तिला सुखात ठेवो, मी तिच्यासाठी दुवा मागतो, तिचा देव निराळा असला तरी पोचंल कुठं तरी. तुमी एवढा वेळ बसलात, बरं वाटलं. कोन बसत नाय हल्ली. चहा करतो, घेऊन जा. साखर किती घालू, ते सांगा, मला दुसऱ्याच्या चहाचा अंदाज राहिला नाय आता.