समोरच्या खोलीचा अर्ज

...आणि घर कुणाचं, तर माझं. माझ्या बापानं, रामाजीनं, स्वतः माती तुडवून वर्ध्यात उभं केलेलं. खोल्या दोनच, समोरची एक आणि मागची एक. आता समोरची खोली मागायची तर कुणाला मागायची? भाडेकरूला? छे. भाडेकरूला नुसती नोटीस द्यायची म्हटलं तरी आधी घरभाड्याच्या कंट्रोलर साहेबांची परवानगी लागायची, तेव्हा कायदाच तसा होता, आणि परवानगी हवी तर साहेबांपुढे उभं राहून शाबीत करायचं की आपल्याला खोलीची गरज आहे. आणि नुसती गरज असून भागत नाही, तुम्हाला सांगतो, गरज खरी पाहिजे.

माझी खरी नव्हती असं कोण म्हणेल? साल त्रेपन्न. बाप वारलेला. मागच्या खोलीत मी, आई, चूल, पाण्याचे हंडे, आणि मी सायकलच्या दुकानात काम करतो म्हणून चार जुनी चाकं. समोरच्या खोलीत भाडेकरू नानाजी, कापूस बाजारात मापारी, त्यांची बायको सुमित्राबाई, आणि नानाजींचा धाकटा भाऊ मधू, रेल्वेत खलाशी. माणसं वाईट होती का? तीच तर पंचाईत. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. सुमित्राबाईंनी अंबाडीची भाजी केली की वाटीभर आमच्याकडे, आईनं झुणका केला की वाटीभर तिकडे. अशा माणसाविरुद्ध अर्ज करायचा म्हणजे...

पण करावा लागला, कारण सुधा. केळझरच्या रूपरावांची मुलगी. बघायला गेलो तेव्हा मी मान वर केली नाही, आपला स्वभावच तसा. पोह्यांची बशी समोर आली, हिरव्या बांगड्या दिसल्या, आणि हळूच आवाज आला, "चमचा ठेवला आहे हं. हाताचं ग्रीस पोह्यात जाईल." झालं. सातवीत शाळा सोडल्यापासून माझ्या हातांकडे कुणी इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. मी तिथेच मनात होकार देऊन टाकला. रूपराव म्हणाले, "पोरगा बरा हाये, घर सोताचं हाये, पन माई पोरगी सासूच्या उशाशी संसार करन काय? खोली मोकळी करा, त्याच दिवशी साक्षगंध." म्हणजे साखरपुडा.

म्हणून अर्ज. पहिली तारीख पडली. चपराशानं पुकारा केला, "लहानू वल्द रामाजी, हाजिर हो." आता मी हाजिर कसा झालो ते विचारा. सायकलवर. आणि मागं कॅरिअरवर कोण? नानाजी. त्यांना वेगळा टांगा कशाला, दोघांनाही एकाच ठिकाणी एकमेकांविरुद्ध जायचं होतं. पायडल मी मारायचं, ते मागं बसून माझ्याविरुद्धची कागदं पोटाशी धरून, "हळू चालव रे, जबाब उडून जाईन."

साहेब नागपूरकडचे, अर्धं हिंदीत बोलायचे. "देखो, कायदा साफ आहे. घर छोटं की मोठं, भाडेकरू चांगला की खराब, मला काही देखना नाही. गरज खरी पाहिजे." मग नानाजींना म्हणाले, विचारा काय विचारायचं ते. नानाजींना वकील परवडत नव्हता, मलाही नाही, म्हणून तेच उठले. "लहानू, बेटा, साहेबासमोर खरं सांगजो. तू लग्नासाठी खोली मांगून राह्यला ना? मंग मले सांग, तुनं पोरगी पाह्यली काय?"

आता काय सांगू? बांगड्या पाहिल्या म्हणू? चमचा पाहिला म्हणू? साहेब म्हणाले, "शपथेवर आहात." मी म्हटलं, "नाही पाहिली." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि बाबूला सांगितलं, "लिहा. अर्जदारानं मुलगी पाहिलेली नाही." अहो, आवाज ऐकलाय की. पण आवाजाचा रकाना कुठल्या अर्जात असतो?

पुढच्या तारखेला रूपरावांनाच साक्षीला आणलं, बिचारे केळझरहून धोतर धुऊन आले. साहेबांनी विचारलं, "लग्न ठरलं?" "खोली भेटली की ठरते, साहेब." "तारीख काढली?" "खोली भेटली की काढतो." "मग आज लग्न ठरलेलं नाही." "आज खोली नाई ना, साहेब." साहेब म्हणाले, "लग्न ठरल्याशिवाय गरज कशी धरायची? गरज खरी पाहिजे." रूपराव म्हणाले, "खोलीशिवाय लग्न कसं ठरवाचं?" दोघंही बरोबर. मी मध्ये उभा, टोपी चुरगाळत. तुम्ही सांगा, यात चूक कोण?

मग साहेबांना वाटलं, जागा डोळ्यांनी बघावी. मौका पाहणी. आणि इथं आमच्या आईनं, अन्नपूर्णाबाईनं, असं काही केलं की... नाही, तिलाही दोष देत नाही मी. सरकारचा एवढा मोठा माणूस आपल्या घरी येणार, आणि घर असं? आदल्या दिवसापासून तिनं सारवण काढलं. खाट शेजारी नेऊन ठेवली. चाकं दुकानात परत धाडली. ज्वारीचं पोतं, पेट्या, गोधड्या, हंडे, सगळं सुमित्राबाईंच्या मदतीनं समोरच्या खोलीत. होय, भाडेकरूंच्या खोलीत. मी दुकानातून आलो, बघतो तर आमच्या मागच्या खोलीत एक पाट, एक तांब्या, दारात रांगोळी, आणि मध्ये एवढी जागा की दोन सायकली शर्यत लावतील. मी म्हटलं, "माय, हे काय केलं?" म्हणाली, "साहेब काय म्हनन, काय उकिरड्यात राह्यते हे लोक?" तेवढ्यात साहेब आलेच. मागची खोली बघितली, मग समोरची बघितली, तिथं पाय ठेवायला जागा नाही, पोत्यावर पेटी, पेटीवर नानाजी. बाबूला म्हणाले, "लिहा. घरमालकाकडे जागा भरपूर. भाडेकरू अडचणीत." आईनं त्यांना सुपारी दिली. साहेब जाताना म्हणाले, "घर खूप साफ ठेवलंय, बाई." आई तीन दिवस खूश.

अशा तारखा पडत राहिल्या. चोपन्न गेलं. प्रत्येक तारखेला रूपराव यायचे, पुकारा व्हायला दुपार टळायची, तोवर त्यांना घरी आणायचं. आता पाहुण्याला बसवायचं कुठे? मागं चुलीजवळ? होणाऱ्या सासऱ्याला? रीतच नाही तशी. पाहुणा समोरच्या खोलीत बसतो. मग काय, आमचा पाहुणा नानाजींच्या खाटेवर, आमचा चहा आई आतून पाठवणार, आणि मी? मी आत, कपाच्या कानाला धरून. जाऊन बोलावं म्हणायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो. बोलायला मधू होता ना. पाळीवरून आलेला, आंघोळ करून, भांग पाडून. "या मामा. पंखा घ्या मामा. केळझरच्या गणपतीले पासवर येतो एक दिवस, मामा." मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. मी आईला म्हणायचो, "बरं झालं मधू आहे, त्यांना करमतं." इतका शहाणा मी.

रूपराव तरी काय करतील? दोन वर्षं ते कचेरीत ऐकत होते, आणि जे मला समजलं नाही ते त्यांना समजलं. घर लहानूचं आहे, पण लहानू त्यात शिरू शकत नाही. खोली नानाजींची नाही, पण नानाजींना त्यातून कुणी काढू शकत नाही. मुलीच्या बापानं कुणाकडे बघावं? तिकडे सासू नाही, वर मधूची सरकारी नोकरी, वर मामा-मामा.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात शेवटची तारीख. मी या खेपेला ठरवून गेलो होतो, साहेबांना स्पष्ट सांगायचं की मुलगी पाहिली नसली तरी गरज आहे, फार आहे. घरी पाठ करून गेलो होतो. पुकारा झाला. मी तोंड उघडलं, तर नानाजीच उठले, खाली मान घालून. "साहेब, एक सांगाचं होतं. अर्जदाराचं जमत होतं ते लग्न आता होत नाई."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हन्तो, साहेब. ते पोरगी आमच्या मधूले दिली. परवा बोलनं झालं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच चष्मा काढून, आणि म्हणाले, "काही म्हणायचं आहे?" पाठ केलेलं सगळं आठवत होतं, तुम्हाला सांगतो, एकेक शब्द. म्हटलं, "नाही." साहेबांनी लिहिलं. अर्जदाराची गरज उरलेली नाही, भाडेकरूच्या कुटुंबात वाढ होणार आहे, अर्ज नामंजूर. कागदावर एकही अक्षर खोटं नव्हतं.

बाहेर आलो. ऊन मी म्हणत होतं. नानाजी झाडाखाली उभे, टांगा करतील म्हटलं, पण करतात कसले. सायकलजवळच उभे. मी कुलूप काढलं, ते मागं बसले. निम्मा रस्ता संपला, चढ लागला. मग मागून आवाज आला.

"लहानू, राग आला काय रे?"

"नाही."

"मंग एक इचारू? नवरदेवाकडचा मांडव टाकावा लागन. अंगन तुयं हाये. म्हनून तुयी परवानगी पाह्यजे."

दोन वर्षं परवानगीसाठी मी त्या कचेरीत टोपी चुरगाळली, आणि त्या घराबद्दल माझी परवानगी कुणी मागितली ती ही पहिलीच वेळ... चढ होता, दम लागला होता, नानाजी वजनाला भारी, पायडलवरून पाय काढता येत नव्हता. परवानगी मी तिथल्या तिथे देऊन टाकली.