मंडई आली की मावशी बिमार

(आसगाव. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेच्या, आदल्या दिवशीची दुपार. रुखमा चुलीपाशी करंज्या तळते आहे, तिचा नवरा इश्वर दारात उभा.)

रुखमा : नाही म्हनलं ना. यंदा डिंपल अड्याळले नाही जाऊन राहिली.

इश्वर : मोटरसायकल काढली मी. दर मंडईले जाते ना ती तुझ्या बहिनीकडे. तिथं तिले कोनी मारते का?

रुखमा : केशरबाई जीव लावते तिले. गोष्ट केशरबाईची नाही. साऱ्या गावात पाहुने भरतात, अन् आपन आपली पोरगी घराबाहीर काढतो.

इश्वर : उद्या तुमसरचे लोकं येऊन राहिले, आपल्या खुशबूले पाहाले. रातचं दंडारीचं नाटक पाहून मुक्कामाले राहतीन. मागच्या दोन सोयरिकी काहून मोडल्या, तुले मालूम हाये.

रुखमा : मालूम हाये.

इश्वर : पयल्या पाहुन्याच्या ताटातला पापड उचलला डिंपलनं. पोराची माय माह्या तोंडावर म्हने, हे तुमच्या घरान्यातच त नाही? मी खाली मान घालून बसलो. दुसऱ्यायनं फोनवरच नाही म्हनलं. मी काय डिंपलचा दुश्मन हाओ?

रुखमा : नाही जी. तिच्या पायात काटा भरला त तुमी दातानं काढता, मी पाहिलं हाये. पन सोयरीक आननाऱ्या भैयाजीले तुमी काय सांगतलं?

इश्वर : काय सांगतलं?

रुखमा : का मले एकच पोरगी.

इश्वर : त्यानं पुसलं, लेकरं किती. तोंडातून निंगून गेलं. मंग परत घ्याले नाही जमलं.

रुखमा : खुशबूले मालूम पडलं ते. सकाळी सडा टाकता टाकता मले म्हने, आई, लगन झाल्यावर डिंपल मले भेटाले आली, त सासरी ती कोन म्हनून सांगू?

इश्वर : खुशबूले काय समजते. हे सोयरीक मोडली त तीच रडन.

रुखमा : तेच म्हनलं मी तिले. त म्हने, रडीन थोडे दिवस. पन लपवून गेली त जन्मभर भेत राहीन.

इश्वर : अन् डिंपलनं पुन्हा काही केलं त?

रुखमा : तवा आपन तिले सांगतलंच नव्हतं का पाहुने येनार हायेत. खोलीत कोंडून ठेवली, भुकेजली होती, कडी उघडताच बाहीर आली, पापड दिसला, उचलला. शाळेत त्या मॅडम येतात ना, डिंपलसारख्या लेकरायले शिकवाले, त्या म्हनतात, एका दमात चार गोष्टी सांगू नका. एक सांगा, करून दाखवा, मंग थांबा. आपन थांबतच नाही जी. हातातलं हिसकून आपनच करून टाकतो. मी बी तेच केलं. आंघोळ घालू, वेनी घालू, मले वाटे हेच प्रेम. आता दिवाळीपासून वेनी तिची ती घालते.

इश्वर : ते वाकडी वेनी? मले वाटलं खुशबूनं घाईत घातली.

रुखमा : डिंपलनं घातली. वाकडी त वाकडी.

इश्वर : कुठं हाये ती?

रुखमा : आत. झोला भरून राहिली.

इश्वर : म्हंजे तिलेच जायाचं हाये. मंग तू कायले अडवतं?

रुखमा : तिलेच पुसा. डिंपल, इकडं ये बाई.

डिंपल : आली. झोला भरला.

इश्वर : कोनं सांगतलं भराले?

डिंपल : कोनी नाही. उद्या मंडई. मावशी बिमार पडन.

इश्वर : काय म्हनते हे?

डिंपल : मंडई आली का मावशी बिमार पडते. बाबा सांगते. मावशी बिमार हाये, डिंपल, चाल. मी जाते. मावशी चांगली होते.

रुखमा : झोल्यात काय काय हाये, बाबाले सांग.

डिंपल : बाम. लिंबू. माही चादर. मावशीले थंडी वाजते. देवाले म्हनलं, यंदा मावशीले जास्त नको दुखवू.

रुखमा : आपन दर साली हेच सांगून नेतो तिले. तुमी सांगता, मी मान हालवते. तिले काय समजते, असं वाटलं आपल्याले. दसरा झाला का ती केशरबाईच्या काळजीनं जेवत नाही, हे मले यंदा समजलं.

इश्वर : डिंपल, बस इथं. हे पाह्य, मावशी बिमार नाही, तू उद्या घरीच राय, पाहुने येतीन, तू त्यायच्या ताटाले हात...

रुखमा : एक एक, जी.

इश्वर : हो. डिंपल. मावशी बिमार नाही.

रुखमा : आता थांबा. बोलू नका.

डिंपल : मावशी चांगली हाये?

इश्वर : चांगली हाये. दर मंडईले चांगलीच होती. बाबा खोटं बोलला.

डिंपल : काहून?

इश्वर : बाबाले भेव लागे.

डिंपल : मावशीचं?

इश्वर : नाही वं. लोकायचं.

डिंपल : बाम लावू?

इश्वर : नको बेटा. रुखमा, माहा फोन दे इकडं. हालो, भैयाजी? मी इश्वर, आसगावचा. हो, तयारी झाली सारी. एक गोष्ट चुकीची सांगतली होती तुमाले. मले पोरी दोन हायेत. हो, दोन. लहानी डिंपल, सोळाची हाये. तिच्या बुद्धीले जरा वेळ लागते. नाही, उद्या नाही, आत्ताच सांगा त्यायले. ऐकून आले त बरं. नाही भैयाजी, कुठं नाही पाठवत. इथंच राहन ती. ठेवतो.

रुखमा : काय म्हनले?

इश्वर : पुसून सांगतो म्हने. आवाज उतरला त्याचा.

रुखमा : खुशबूले मी सांगते.

इश्वर : नाही, मी सांगतो. डिंपल, तांब्या आन. हो, तोच. भर. आता दारात उभी राय. उद्या पाहुने आले का पाय धुवाले पानी तू देशीन. समजलं?

डिंपल : पानी मी देईन.

रुखमा : अन् ते नाहीच आले त? ती दिवसभर दारात उभी राहन जी.

इश्वर : नाही आले त मी बाहीर जाईन, अन् पाहुन्यासारखा दारातून आत येईन.