आक्का घरात न्हाई म्हणते डबी

...चपला आत घेऊन या. आतच. बाहेर एकबी ठेवू नका, पाया पडतो तुमच्या. अन् दार लावून घ्या, जल्दी, गारवा चालला सगळा. हां. बसा. आवाज हळू, आक्का आत्ताच झोपली. अन् माझ्या ह्या हाताकडं पाहू नका, तो असाच हालत राहनार. भिंतीवर एसी चालू हाये अन् हा श्रीपती हातपंखा घेऊन बसला, याला ऊन लागलं का काय, असंच म्हणत असाल ना मनात? म्हणा. सगळी गल्ली म्हणून राह्यली. पण मला एक सांगा, माझं मागणं काय व्हतं? एक खोली गार करा. बिलकुल एवढंच.

तुम्हाला सांगतो, ही पलंगावर काळा चष्मा लावून झोपलेली, ही माझी थोरली बहीण, दैवशाला आक्का. हसनाबादला देलेली. हिच्या डोळ्यात मोतीबिंदू, तो असा पिकला व्हता की समोर गाय उभी हाये का जावई, हे हंबरल्याशिवाय कळत नव्हतं. आता उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू न्हाई, हे आपल्याकडं लेकराला बी माहीत हाये. आक्का म्हणे, 'दिवाळी होऊ दे.' घाई कुणाला? मला! म्हणलं, आक्का, आपल्या घरी एसी हाये, तुला माघ महिन्यावानी ठेवतो, माझ्या जबाबदारीवर. झालं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, 'घाम डोळ्यात जाता कामा नये. कूलर नको, त्याच्या गवतातून धूळ येते. आणि आजींनी हालायचं नाही, नुसतं पडून राहायचं.' बराबर. अन् आक्का दवाखान्याच्या पायरीवरच मला काय म्हणावी? 'शिरपा, तुझ्या घरी मला घाम फुटला ना, मी त्याच पावली हसनाबादची गाडी धरीन.' आता तिकडं चूल, धूर, आंगणात धुरळा. डोळ्याला काही झालं तं नाव कुणाचं निघनार? अन् नावाचं जाऊ द्या, डोळा तं तिचा जाईल ना? मला झोप न्हाई लागली, खरं सांगतो.

तं एसी. आता एसीला रिमोट असतो, तेवढं मला येतं. पण आमचा पार्थ, पुण्याला कंप्युटरमध्ये हाये, त्याला रिमोट कमीपणाचा वाटला. त्यानं मागच्या खेपेला येऊन ती डबी लावून देली. ती पाहा, दाराजवळ, साबणाच्या वडीएवढी, पांढरी. थर्मोस्टॅट म्हणे. ती एसीला हुकूम देते अन् एसी ऐकतो. अन् फोनवर पार्थ, 'पप्पा, एकदम सोपं आहे. सकाळचा प्रोग्रॅम, दुपारचा प्रोग्रॅम, झोपेचा प्रोग्रॅम, सगळं सेट केलंय. ती स्वतः शिकते पप्पा. तुम्ही फक्त हात लावू नका.' म्हणजे पाहा, घर माझं, भिंत माझी, शिकनार डबी, अन् हात मी लावायचा न्हाई!

पहिल्याच दुपारी आक्का म्हणे, 'शिरपा, उकडून राह्यलं.' मी डबीपुढं गेलो. डबीवर सव्वीस. आता मला सांगा, आपला जन्म गेला कूलरवर. कूलरचं बटन कसं असतं? एकवर झुळूक, दोनवर वारा, तीनवर पांघरून उडतं. आकडा वाढला की गारवा वाढतो, हे काय शाळेत शिकवावं लागतं का? मी सव्वीसचं सत्तावीस केलं. थांबलो. उकडतंच हाये. अठ्ठावीस केलं. तेवढ्यात शेजारचे कारभारी आल्ते आक्काला पाहायला, त्यायनं चष्मा वर करून पाह्यलं अन् म्हणे, 'भाऊ, कंजुशी कामून करता? पाव्हणी घरात हाये, फुल्ल करा की.' केलं फुल्ल. तीस. एसीनं एक उसासा टाकला अन् गप पडला. मी म्हणलं, पाहा कारभारी, मोठं काम करायच्या आधी दम घेऊन राह्यला.

तो दम घेतच राह्यला. खोलीची भट्टी झाली. आमची मंडळी, बेबीनंदा, आक्काचं कपाळ रुमालानं टिपून राह्यली, कारभारी आपलं कपाळ आपल्या उपरण्यानं टिपून राह्यले, अन् आक्का पट्टीच्या आडून विचारते, 'चारची गाडी अजून चालू हाये का रं?' तेवढ्यात पुण्याहून फोन. 'पप्पा, तीस कोणी केलं?' त्याला तिथं बसून दिसतं, बरं का. मी म्हणलं, मीच केलं, फुल्ल ठेवलं. तं तो म्हणे, 'पप्पा, आकडा कमी केला की गार होतं.' आता तुम्हीच सांगा, कमी केल्यावर जास्त कसं व्हईल? बियाण्याच्या कंपनीत मी जन्मभर आवक-जावक पाह्यली, तिथं असं कोणी बोललं असतं तं साहेबानं घरी पाठवलं असतं. पण म्हणलं, जाऊ द्या, वाद नको. माझं मागणं काय? एक खोली गार करा. उलटं तं उलटं.

चोवीस केलं. गार व्हायला लागलं. तं पार्थ म्हणे, 'पप्पा, खिडक्या बंद आहेत ना?' खिडक्या? अरे बाबा, कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, न्हाई तं घरात दमट होऊन अंग चिकचिक करतं, हे माझ्या हाताला पाठ हाये. मी सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या व्हत्या, दार सुद्धा! सगळं जालना गार करून राह्यलो व्हतो मी. बंद केल्या खिडक्या. अन् दार बी लावलं.

अन् इथंच चुकलं.

दुपारी आपल्या गल्लीत दार कोण लावतं? सांगा ना. भरदिवसा दार लागलं म्हणजे घरात एक तं भांडण, न्हाई तं... तुम्ही समजून घ्या. अन् ज्या घरात म्हातारी बाई ऑपरेशन करून आलेली हाये, त्या घराचं दार लागलं तं लोकायनं काय समजावं? मघाशी घरी गेलेले कारभारीच पहिल्यांदा परत आले. तोंड एवढंसं. चपला बाहेर काढल्या, आत आले, पाह्यलं तं आक्का चहा पिऊन राह्यली. बरं वाटलं त्यायला, बसले. पण त्यायच्या चपला राह्यल्या बाहेर. मंग समोरच्या तृप्तीच्या सासूनं पाह्यलं, बंद दार अन् बाहेर परक्या चपला. ती आली, पदर तोंडाला लावूनच आली. तिच्या चपला बाहेर. मंग चपला पाहून माणसं यायला लागली अन् माणसं आली की चपला वाढायला लागल्या. एकानं तं हार आणायला माणूस पाठवल्ता म्हणे! अन् आत कोण मध्ये बसलं? आक्का, काळा चष्मा लावून, जिती, ठणठणीत, एकेकाला विचारते, 'तुम्ही कामून रडून राह्यले?'

पण एक मानलं पाहिजे. तेवढी माणसं खोलीत असताना, दार हर घडीला उघडत असताना, एसी असा चालला, असा चालला की तृप्तीच्या सासूनं पदर अंगाभोवती घेतला. मी म्हणलं, जमलं! सुटलो एकदाचा.

लोक गेले. आक्का पडली. बेबीनंदा स्वयंपाकघरात गेली. मी इथंच खुर्चीत पेपर घेऊन बसलो, जरा डुलकी लागली... अन् एसी बंद. उठलो, डबीपुढं गेलो, झाला परत चालू. बसलो, बंद. उठलो, चालू. मी काही तिला हात बी लावला न्हाई, नुसतं समोर गेलो. म्हणलं, ही काय मला पाहून लाजते का? बेबीनंदा म्हणे, 'अहो, त्या डबीला नमस्कार करा अन् बसा, असं उठबशा काढल्यावानी कामून करून राह्यले?' अन् आक्काच्या कपाळावर परत घामाची चमक यायला लागली. फोन लावला पुण्याला. तं पार्थच उलटा विचारतो, 'पप्पा, तुम्ही सगळे बाहेर गेलात का? इथं दाखवतंय, घरात कोणी नाही.'

घरात कोणी न्हाई? आक्का पलंगावर, मी खुर्चीत, बेबीनंदा भाजी चिरून राह्यली, अन् पुण्यात दिसून राह्यलं घरात कोणी न्हाई! तं तो म्हणे, 'पप्पा, ती हालचाल बघते. कोणी हाललं नाही की तिला वाटतं घर रिकामं आहे, मग ती वीज वाचवते.' म्हणलं, अरे पण आक्का हाये ना! 'हो पप्पा, पण आत्या हालत नाही ना.' अरे डॉक्टरनंच हालू नको म्हणलं तिला! हालली तं डोळा जातो, न्हाई हालली तं घाम येतो, मंग माणसानं करायचं काय? तं म्हणे, 'एक सेटिंग बंद करावं लागेल, तिथं येऊनच होईल, शनिवारी येतो. तोवर तुम्ही अधूनमधून हालत राहा.'

ऐकलं? आक्काच्या वाटचं मी हालायचं.

मंग काय, बसलो इथं अन् हात हालवून राह्यलो. असा. डबीकडं तोंड करून. अगोदर वाटलं, काहीतरी टांगू अन् ते हालू देऊ. टॉवेल टांगला पंख्याच्या वाऱ्यात. डबी फसली न्हाई, तिला म्हणे माणसाच्या अंगाची ऊब लागते. माणूसच पाहिजे. मंग कधी उजवा, कधी डावा. खिडकीतून कारभारीनं पाह्यलं अन् तिकडून त्यायनं बी हात हालवला. मी काय सांगनार त्यायला, की भाऊ, तुम्हाला न्हाई, डबीला दाखवून राह्यलो मी घरात हाये म्हणून? साठी उलटली, रेशनकार्ड हाये, आधार हाये, अन् स्वतःच्या घरात मी हाये का न्हाई, हे मला हात हालवून सांगावं लागतं! माझं मागणं काय व्हतं हो?

आक्का एवढा वेळ गप व्हती. मला वाटलं झोपली. तं पट्टी नसलेल्या दुसऱ्या डोळ्यानं, अंधुक का व्हईना, पाहून राह्यली व्हती माझ्याकडं. म्हणे, 'शिरपा, माशा हाकलल्यावानी हात कामून हालवतोस रं? हालवायचाच हाये तं हातात पंखा घे. मला वारा तरी लागंल.'

आता तुम्हाला सांगतो, आई गेली तव्हा मला धड चालता येत नव्हतं. मला आक्कानंच वाढवलं. गोवर निघाला तव्हा अंगाची लाही लाही, अन् ही, परकरातली पोरगी, उशाशी बसून सुपानं वारा घालायची. मला दुसरं काही आठवत न्हाई त्या दिवसायचं, पण ते सूप आठवतं. अन् मी हिला शब्द काय देला? एसीचा. लाज वाटली मला, खरंच वाटली. माळ्यावरून हातपंखा काढला, पुसला, अन् बसलो उशाशी.

अन् काय सांगू! माझा हात हालला, डबीला माणूस दिसला, एसी लागला. खोली माघ महिना. आक्का अशी झोपली, जशी हसनाबादला बी झोपत न्हाई. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं पट्टी सोडली, म्हणाले, 'डोळा छान आहे, घाम अजिबात गेलेला नाही, तुमच्याकडे एसी चांगला दिसतो.' तं आक्का फटकन् म्हणे, 'एसी कुठला डॉक्टर, माझा भाऊ वारा घालतो.' मी ऐकलं अन् डोळे पुसले, माझ्या डोळ्यात घाम गेल्ता म्हणा. गाडीचं नाव न्हाई त्या दिवसापासून. हसनाबादला फोनवर सांगते, 'मिरगापर्यंत राहते मी, इथं लई गार हाये. शिरपाचा हात असा चालतो, मशीन बिशीन सगळं खोटं.'

काल शनिवार. पार्थ आला. त्यानं डबीत काहीतरी खुडबुड केली अन् म्हणे, 'झालं पप्पा. आता ती कोणाची वाट बघणार नाही. कोणी हालो न हालो, गार करत राहील. ठेवा तो पंखा.' मी ठेवला. खरंच एसी चालू राह्यला. चोवीस. खोली गार. दंड आखडले व्हते माझे, म्हणलं, सुटलो देवा. खुर्चीत मागं टेकलो, डोळे मिटले...

अन् पलंगावरून आवाज आला, 'शिरपा, थांबलास कामून रं? उकडायला लागलं.'

म्हणलं, आक्का, एसी चालू हाये. 'असंल.' म्हणलं, आक्का, चोवीस हाये बघ. 'मला आकडे नको सांगू. वारा घाल.'

तं हे असं हाये. डबी शिकली, एसी शिकला, पार्थ पुण्याला गेला. माझं मागणं काय व्हतं, एक खोली गार करा. झाली की हो गार. तुम्हाला थंडी वाजून राह्यली ना? ती चादर घ्या पायावर. सगळ्या खोलीत घाम येऊन राह्यलेला माणूस एकच हाये, अन् तो आता हात बदलून राह्यला.